सेवा क्लबाचा निधीसंकलन कार्यक्रम: हाती काही उरेल असा कसा आखावा?

सचिव, चिपळूण (प्रश्न)

चिपळूणमधील चौतीस सभासदांच्या, रोटरी-लायन्ससारख्या एका सेवा क्लबाचे सचिवपद १ जुलैपासून माझ्याकडे आले आहे. पहिल्याच बैठकीत निधीसंकलनाच्या कार्यक्रमावरून इतकी ओढाताण झाली की, ज्यांनी असे कार्यक्रम प्रत्यक्ष पार पाडले आहेत त्यांना विचारल्याशिवाय पुढची बैठक बोलावू नये असे मला वाटू लागले आहे.

गेल्या वर्षी आम्ही जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद आणला होता. सभागृह भरले, टाळ्या मिळाल्या आणि एकूण जमा ४ लाख १२ हजार रुपये झाली. त्यातून वाद्यवृंदाचे मानधन २ लाख १० हजार, सभागृह, ध्वनी आणि प्रकाशयोजनेचे ६२ हजार, कलाकारांच्या जेवण-मुक्कामाचे ४३ हजार, छपाई व फलकांचे ३१ हजार आणि सत्काराच्या शाली, नारळ व स्मृतिचिन्हांचे १८ हजार वजा केले तेव्हा हाती उरले ४८ हजार. चार महिन्यांच्या खटपटीची ही शिल्लक. शिवाय न खपलेल्या तिकिटांचे पैसे सभासदांनीच भरले होते. म्हणजे आमच्याच खिशातले पैसे आम्ही वाद्यवृंदाला दिले आणि त्याला निधीसंकलन म्हटले.

या वर्षीचे काम आम्हाला मनापासून करायचे आहे. आसपासच्या खेड्यांतून आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात येणारे २२ रुग्ण आमच्या यादीत आहेत. त्यांचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतात, परंतु जाण्यायेण्याचे भाडे त्यांनाच भरावे लागते. सोबतच्या माणसाची एसटी आणि दोघांची स्थानकापासूनची रिक्षा असे धरून एका खेपेला सरासरी २२० रुपये पडतात, आणि महिनाअखेरीस हात आखडला की खेप चुकवली जाते. त्या सर्वांचा वर्षभराचा प्रवास उचलायचा, तर पाच लाखांच्या आसपास रक्कम लागेल.

ज्येष्ठ सभासदांना मुंबईचे व्यावसायिक नाटक आणायचे आहे, महिला सभासदांचा कल खाद्यजत्रेकडे आहे, तरुणांना मॅरेथॉन हवी आहे आणि एकाने प्रवेशिकांवर दुचाकीची सोडत काढण्याचे सुचवले आहे. यांपैकी कशातून खरोखर पैसा उरतो, कार्यक्रम कोणत्या महिन्यात घ्यावा आणि कायद्याच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. क्लबाचा स्वतःचा नोंदणीकृत न्यास आहे आणि त्याला आयकर सवलतीची १२ए (न्यासाच्या उत्पन्नासाठी) व ८०जी (देणगीदारांसाठी) ही दोन्ही प्रमाणपत्रे मिळालेली आहेत.

सांगलीकर माजी अध्यक्ष

आपला हिशेब वाचून हसू आले, कारण आकडे तेवढे बदलून हाच हिशेब आमच्याकडेही एके वर्षी लागला होता. त्यानंतर आम्ही एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही: कार्यक्रमाचा संपूर्ण खर्च स्मरणिकेच्या जाहिरातींतून वसूल झाल्याशिवाय तिकीट छापायला द्यायचे नाही. असे केले म्हणजे पहिल्या तिकिटापासून येणारा प्रत्येक रुपया कामाचा ठरतो, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत जाहिराती जमल्या नाहीत तर कार्यक्रम रद्द करण्याची सोयही राहते. आम्ही एकदा तसा तो रद्द केला आहे. त्या वेळी नामुष्की वाटली, पण तोटा शून्य झाला.

नाटक वाईट नाही. मात्र मुंबईचा प्रयोग ठरावीक रकमेला विकत घ्यायचा म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा सगळा धोका तुमचा, आणि नाट्यसंस्थेला तिची रक्कम प्रयोगाच्या आधीच मिळालेली असते. त्यात बस, नेपथ्याचा टेम्पो, मुक्काम आणि दोन वेळचे जेवण धरले की आपल्या वाद्यवृंदाचाच खर्च पुन्हा उभा राहतो. आम्ही तीन वर्षांपासून सांगलीतल्याच हौशी मंडळींचा प्रयोग घेतो. सांगलीला नाटकाची परंपरा मोठी, विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले ते याच गावात; त्यामुळे स्थानिक कलाकारांना प्रेक्षक मिळेल की नाही ही शंका आम्हाला फारशी आली नाही. आपल्याकडेही हौशी रंगकर्मी असणारच. त्यांचे नातेवाईक, शेजारी आणि शिक्षक हेच तुमचे पहिले दीडशे प्रेक्षक असतात. लेखकाची लेखी परवानगी, त्यांचे मानधन आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र एवढे मात्र आधीच पाहून घ्यावे, कारण हौशी संस्था या बाबतीत ढिल्या असतात.

आता तिकिटांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसा गळतो तो इथेच. आमच्याकडे पंचवीस तिकिटांचे एक पुस्तक असते, त्यावर क्रमांक असतो आणि प्रत्येक तिकिटाला स्थळप्रत असते. कोणत्या सभासदाकडे कोणते पुस्तक गेले हे नोंदवहीत लिहून त्याची सही घेतली जाते. प्रयोगाच्या आठ दिवस आधी सर्व पुस्तके परत यावी लागतात. विकली गेलेली रोखीसह आणि न विकली गेलेली तशीच. उरलेली तिकिटे सभासदाच्या गळ्यात मारण्याची पद्धत आम्ही बंद केली. तिच्यामुळे दोन चांगली माणसे क्लब सोडून गेली होती, आणि ती कशासाठी गेली हे आम्हाला वर्षभराने समजले.

सन्मानिकांचाही, म्हणजे फुकट प्रवेशिकांचाही, एक प्रसंग सांगतो. पहिल्या वर्षी पहिल्या दोन रांगा आम्ही निमंत्रितांसाठी राखल्या होत्या. पडदा वर गेला तेव्हा त्या छत्तीस खुर्च्यांपैकी अकरा भरलेल्या होत्या, आणि पाचशे रुपये मोजून आलेले एक निवृत्त मुख्याध्यापक नवव्या रांगेतून खांबाआडून नाटक पाहत होते. मध्यंतरात ते माझ्यापाशी आले, रागावले नाहीत, एवढेच म्हणाले की पुढच्या वर्षी मीही सन्मानिकाच मागेन. तेव्हापासून आमच्याकडे सन्मानिका नाहीत. पाहुणे आले तरी तिकीट काढून येतात, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक जण कुरकुर करत नाहीत.

नाशिकची खाद्यसमिती

खाद्यजत्रेच्या बाजूने लिहीन अशी आपली अपेक्षा असेल, परंतु सहा वर्षांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की जत्रेपेक्षा मागणीनुसार केलेला दिवाळी फराळ सेवा क्लबाला अधिक परवडतो. जत्रेत किती माणसे येतील हे आभाळ ठरवते, आणि उरलेली पावभाजीची भाजी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. फराळाचे पैसे मात्र आगाऊ हातात येतात आणि तेवढाच माल करायचा असतो.

आम्ही घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत मागणी नोंदवतो, दसऱ्यानंतर एकही नोंद घेत नाही, मग ती अध्यक्षांच्या सासूबाईंची का असेना. गेल्या दिवाळीत ८० किलो चिवडा, ६० किलो चकली आणि दीड हजार बेसन लाडू केले. भाजणी एकाच भगिनीच्या देखरेखीखाली एकाच गिरणीतून दळून आणली, कारण आदल्या वर्षी दोन घरांतल्या दोन भाजण्या एकत्र केल्या आणि निम्म्या चकल्या तेलात सुटल्या होत्या. कोकणातल्या दमट हवेचा विचार करता आपण चकली शेवटच्या दोन दिवसांतच तळावी आणि गार झाल्याबरोबर पिशव्या बंद कराव्यात. नाहीतर लक्ष्मीपूजनाला ती मऊ पडते आणि पुढच्या वर्षीचे ग्राहक जातात. व्यवसाय लहान असला तरी अन्न सुरक्षा नोंदणी घ्यावी लागते. पाकिटावर तो क्रमांक आणि तयार केल्याची तारीख छापली की लोकांचा विश्वासही वाढतो.

तरीही जत्राच घ्यायची असेल, तर विक्रीकेंद्रांवर रोख रक्कम घेऊ देऊ नका. प्रवेशद्वाराशी एकच खिडकी ठेवा, तिथे कुपने विका आणि पदार्थ फक्त कुपनांवर द्या. सुट्या पैशांची कटकट संपते, आणि रात्री कोणाच्या डब्यात किती होते हा नाजूक प्रश्न उद्भवत नाही. आमच्या पहिल्या जत्रेत रात्री साडेअकराला वर्तमानपत्र अंथरून कुपने मोजत बसलो असताना नऊ कुपने झेरॉक्स काढलेली निघाली. कागद जरा पांढरा होता म्हणून ती ओळखता आली. पुढच्या वर्षी रंगीत कागद घेतला आणि प्रत्येक कुपनावर विक्रीच्या वेळीच त्या दिवसाचा शिक्का मारला.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. फराळात पैसा उरतो याचे मोठे कारण म्हणजे बायकांच्या श्रमाचा खर्च कोणी मांडत नाही. नऊ दिवस रोज पाच तास तेलासमोर उभे राहायचे आणि अहवालात मात्र ‘महिला सभासदांचे सहकार्य लाभले’ एवढी एक ओळ यायची, हे आमच्याकडे चार वर्षे चालले. पाचव्या वर्षी आम्ही तळणीसाठी दोन बायका रोजंदारीने लावल्या आणि पाकिटे भरणे, चिकटवणे व घरपोच देणे पुरुष सभासदांकडे दिले. शिल्लक थोडी कमी झाली, पण सहाव्या वर्षी काम करायला माणसे उरली. आपल्या महिला सभासदांनी जत्रा सुचवली आहे खरी. जत्रेतली भांडी कोण घासणार हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.

हिशेबनीस, पुणे

मी सनदी लेखापाल असून काही सेवा संस्थांचे हिशेब पाहतो. वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, म्हणून केवळ राहिलेल्या बाबी लिहितो.

दुचाकीची सोडत मनातून काढून टाका. प्रवेशिका विकून त्यांवर बक्षिसांची सोडत काढणे ही खासगी लॉटरी ठरू शकते, आणि राज्याने अधिकृत न केलेल्या लॉटरीसाठी जागा वा कार्यालय चालवणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ खाली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. गावोगाव अशा सोडती निघतात हे मलाही माहीत आहे. ज्याचे नाव पावतीपुस्तकावर आहे त्याने मात्र तो युक्तिवाद करू नये.

तिकीट आणि देणगी यांची गल्लत ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. पाचशे रुपयांचे तिकीट घेऊन माणूस नाटक पाहतो, तेव्हा त्याला मोबदला मिळालेला असतो. त्या पाचशे रुपयांची ८०जीची पावती देऊ नये. स्मरणिकेतली जाहिरात हीदेखील देणगी नव्हे. जाहिरातदार ती आपल्या धंद्याच्या खर्चात दाखवतो. म्हणून तीन वेगळी पुस्तके ठेवा: तिकीट, जाहिरात आणि निव्वळ देणगी. देणगी रोखीने दोन हजारांहून अधिक आली तर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही. त्यामुळे मोठी रक्कम धनादेशाने अथवा यूपीआयने थेट न्यासाच्या खात्यात घ्यावी, खजिनदाराच्या वैयक्तिक क्रमांकावर कदापि नव्हे. देणगीदाराचे नाव, पत्ता आणि पॅन त्याच वेळी लिहून घ्या. वर्ष संपल्यावर देणग्यांचे विवरण आयकर खात्याकडे भरल्याखेरीज त्याचे प्रमाणपत्र तयार होत नाही, आणि मे महिन्यात साठ जणांना दूरध्वनी करून पॅन मागणे किती कष्टाचे असते ते आमच्या कार्यालयातल्या मुलांना विचारा.

पावती न्यासाच्या नावे निघते की क्लबाच्या, हेही पाहा. न्यास नोंदणीकृत आहे, पण क्लब स्वतंत्रपणे नोंदलेला नसेल आणि फलकावर, तिकिटावर, पावतीवर क्लबाचे नाव असेल, तर गणेशोत्सव मंडळे वर्गणीच्या परवानगीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ज्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जातात तोच प्रश्न आपल्यापुढेही येईल. सर्व व्यवहार न्यासाच्या नावे केल्यास तो उद्भवणार नाही.

आपल्या जवळच लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत आहे, तेव्हा कारखान्यांच्या सीएसआर निधीकडे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी राखलेल्या पैशाकडे, लक्ष जाणे साहजिक आहे. तो मागायचा तर न्यासाची सीएसआर-१ नोंदणी हवी. ती १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक आहे. आणि मागताना कार्यक्रमासाठी मागू नका, रुग्णांच्या प्रवासासाठी मागा. मॅरेथॉनसारख्या एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाणार नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे, आणि प्रसिद्धीचा लाभ घेण्यासाठी दिलेले प्रायोजकत्वही नियमांनी वगळले आहे. तरुण सभासदांच्या मॅरेथॉनला कारखान्यांकडून पैसा येईल तो जाहिरातीच्या खर्चातून, आणि तो हात नेहमीच आखडता असतो.

परदेशातील नातेवाइकांविषयीही सांगून ठेवतो. अमेरिकेत राहणारा, पण भारतीय पारपत्र असलेला पुतण्या आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवू शकतो. त्याच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व आले असेल तर तीच रक्कम विदेशी अंशदान ठरते, आणि त्यासाठी लागणारी नोंदणी न्यासाकडे नसेल तर ती स्वीकारता येत नाही.

सचिव, चिपळूण

सर्वांचे आभार. सोडतीचा विषय मी आजच बंद केला. संबंधित सभासद किंचित नाराज आहेत, परंतु कलमाचा क्रमांक वाचल्यावर त्यांनी वाद घातला नाही.

एक अडचण मात्र उरते. आमचे शहर लहान आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर इथल्या व्यापाऱ्यांची दुकाने पुन्हा उभी राहायला फार काळ लागला, आणि तरीही शाळा, मंदिर, क्रीडामंडळ आणि आम्ही असे सगळे जण त्याच पन्नास-साठ दुकानांत जाहिरात मागायला जातो. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा दिसतो. मग स्मरणिका भरायची कोणाच्या जोरावर?

ठाण्याचा चाकरमानी

माझे गाव आपल्या शेजारच्याच तालुक्यात आहे, म्हणून लिहितो. बाजारपेठेतली पन्नास दुकाने सोडा. मे महिन्यात मुंबई, ठाणे आणि पुण्याहून गावी येणाऱ्यांकडे पाहा. गणपतीतही आम्ही येतो, पण तेव्हा आरत्या, भजने आणि पाहुणे यांतून सवड नसते, आणि वर्गणीला तर तोटाच नसतो. शिमग्याला पालखी असते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र संध्याकाळी मुलांना कुठे न्यावे हा आमच्यापुढे खरोखरच प्रश्न असतो. त्या वेळी नाटक ठेवले तर सभागृह भरेल. जूनचा पहिला आठवडा धरू नका, मृगाचा पाऊस कोणाचे ऐकत नाही. रोटरी असो वा लायन्स, वर्ष ३० जूनला संपते. त्यामुळे मे महिना धरला तर हिशेब पूर्ण करून पुढच्या अध्यक्षांच्या हाती देण्यापुरताच वेळ उरतो, म्हणून स्मरणिकेचे काम डिसेंबरातच सुरू व्हायला हवे.

आपण दिलेल्या आकड्यांवरून मी एक आकडेमोड केली. एका रुग्णाच्या आठवड्याला दोन खेपा, प्रत्येकी २२० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १,९०० रुपये होतात. २२ रुग्णांचे बारा महिने म्हणजे २६४ महिने. पाच लाख रुपये हा आकडा मला काहीच सांगत नाही, पण ‘गावाकडच्या एका माणसाचा एक महिन्याचा डायलिसिसचा प्रवास’ हे मला लगेच समजते, आणि त्यासाठी मला पत्नीशीही चर्चा करावी लागत नाही. सभागृहाच्या दाराशी २६४ चौकटींचा एक मोठा फलक लावा. रुग्णाचे नाव कुठेही नको. जो एक महिना उचलेल त्याने एक चौकट रंगवावी. मुलांच्या हाती ब्रश दिलात तर आईवडील दुसरी चौकटही घेतील. माझ्या वाडीतल्या मुंबईकर मंडळाच्या गटावर मी हे टाकू शकतो, आणि माझ्या दोन चौकटी आजच धरा. रक्कम न्यासाच्या खात्यातच पाठवीन, हिशेबनीसांनी काळजी करू नये.

सांगलीकर माजी अध्यक्ष

चौकटींची कल्पना मी आमच्याकडे उचलणार आहे, आगाऊ परवानगी मागतो. फक्त एक भर. लायन्स क्लबांत प्रशासकीय खाते आणि सेवाकार्याचे खाते वेगळे ठेवण्याचा दंडक आहे: लोकांकडून आलेला पैसा लोकांच्याच कामावर, आणि क्लबाची जेवणे, बैठका, हारतुरे हे सभासदांच्या वर्गणीतून. आपला क्लब कोणत्याही नावाचा असो, हे दुसरे खाते डिसेंबरपूर्वी उघडा. गेल्या वर्षीचे शाली-नारळांचे १८ हजार कोणत्या खात्यातून गेले, हे जाहिरातदार विचारत नाही, पण त्याला ते दिसते.

सचिव, चिपळूण

रविवारी बैठक झाली. मेच्या दुसऱ्या शनिवारी स्थानिक हौशी संस्थेचा प्रयोग, सन्मानिका नाहीत, सत्कार केवळ गुलाबाच्या फुलाने. त्याआधी दिवाळीला फराळ, पण पहिल्या वर्षी चकली नाही, फक्त चिवडा आणि लाडू. तळणीच्या धास्तीने हा निर्णय एकमताने झाला आणि पाकिटे भरण्याच्या यादीत पहिले नाव अध्यक्षांनी स्वतःचे घातले. मॅरेथॉन तूर्त पुढे ढकलली आहे. फलक रंगवणाऱ्याला २६४ चौकटी कशा बसवायच्या ते उमगेना, तेव्हा आमच्या एका सभासदाने कागदावर आखून दिले: बावीस ओळी, बारा स्तंभ, एक ओळ म्हणजे एका रुग्णाचे वर्ष. ठाणेकरांच्या दोन चौकटी पहिल्या ओळीत पेन्सिलीने खूण करून ठेवल्या आहेत.

सांगलीकरांना विनंती: तिकीटपुस्तकांच्या नोंदवहीचे एक कोरे पान, स्तंभांच्या मथळ्यांसह, इथे टाकता आले तर उपकार होतील. आमच्या खजिनदारांना ती तशीच छापून घ्यायची आहे.